नवी बाईक, नवखे हात : अंगावर काय घालता आणि पडल्यावर त्यातलं काय कामाला आलं? (अनुभव धागा)

पहिली बाईक घ्यायची म्हटली की मायलेज, पिकअप, सीटची उंची यांवर सल्ला द्यायला दहा जण पुढे येतात. अंगावर काय घालायचं हा विषय मात्र "एक हेल्मेट घे हं" इथेच संपतो. म्हणून हा धागा. बाईक शिकताना आणि त्यानंतरच्या पहिल्या वर्षात तुम्ही काय घातलं, पडल्यावर त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय हौसेनं घेऊन खुंटीलाच टांगून राहिलं, ते लिहा. डोळ्यांदेखत घडलेलं दुसऱ्याचं असलं तरी चालेल.

नवख्यांसाठीच का, तर १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांचा अहवाल आला. त्यांच्या पथकाने लॉस एंजेलिस भागातले सुमारे ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. निम्म्याहून जास्त चालकांना त्या बाईकवर बसून ५ महिनेही झाले नव्हते, आणि ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. आकडे जुने आहेत, पण बाईक शिकायची रीत फारशी बदललेली नाही.

एक विनंती : कंपन्यांची नावं नकोत. आणि "मी इतकी वर्षं चपलेवर चालवतोय, काही झालं नाही" हा अनुभव धरला जाणार नाही.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बाईक चालवत नाही. तरी लिहिते, कारण पडलेल्यांचे हात माझ्याकडे येतात.

पडताना माणूस काही ठरवत नाही, हात आपोआप पुढे जातो. वेग अगदी कमी असला तरी तळहाताची सालटं निघतात आणि अंगाचा सगळा भार मनगटावर येतो. अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं लहानसं हाड असतं. त्याला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं. त्यामुळे ते मधोमध मोडलं की मनगटाकडच्या तुकड्याचा पुरवठा तुटतो आणि जुळायला महिने लागतात. वर पहिल्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर पुष्कळदा दिसतच नाही. लोक "मुरगळलंय" म्हणून मलम चोळत बसतात. अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला तरी पुन्हा दाखवायला जा.

हेल्मेटनंतर पहिली खरेदी जॅकेटची करू नका, हातमोज्यांची करा. तळव्याला मनगटाच्या बाजूला कडक, गुळगुळीत चकती असलेले घ्या. तिच्यामुळे हात रस्त्याला अडकण्याऐवजी घसरतो आणि मनगटावरचा झटका कमी होतो. मनगटाला आवळायचा पट्टा हवाच, नाहीतर ऐन वेळी हातमोजा हातातून निघून जातो. बोटं उघडी असलेले हातमोजे का विकतात हे मला अजून कळलेलं नाही.

*

काही काळ हेल्मेट विकायचं काम केलंय, त्यावरून सांगतो.

गिऱ्हाईक हमखास एक माप मोठं मागतं, कारण दोन मिनिटं घालून बघायला तेच बरं वाटतं. कोरं हेल्मेट आरामशीर वाटत असेल तर ते मोठं आहे असं समजा. गाल चांगले दाबले गेले पाहिजेत. इतके, की काही चावायला गेलात तर गालाची आतली बाजू दाताखाली यावी. कपाळावर मात्र एकाच जागी टोचत असेल तर तिथे माप बरोबर असून आकार चुकलेला असतो. कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. डोक्याचं माप घेताना फीत भुवयांच्या इंचभर वरून आणि मागे डोकं जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून न्यायची. मग हेल्मेट घालून, पट्टा आवळून, दुसऱ्या कुणाला तरी मागची कड धरून ते वर-पुढे ओढायला सांगायचं. डोक्यावरून निघालं तर परत ठेवा, रंग कितीही आवडला असला तरी. अर्धा तास घालून दुकानात फिरा. मालक वैतागेल. वैतागू दे.

डोकं वाचवतो तो आतला पॉलिस्टायरीनचा थर, म्हणजे थर्माकोलचाच दाट भाऊ. आघातात तो चेपतो, आणि चेपण्याच्या त्या काही मिलिसेकंदांत डोक्याचा वेग उतरतो. एकदा चेपला की पुन्हा वर येत नाही, बाहेर ओरखडासुद्धा नसला तरी. म्हणून अपघातातून गेलेलं हेल्मेट बाद, आणि ज्याचा इतिहास ठाऊक नाही असं कुणाचं वापरलेलंही नको. थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका, थर विरघळतो. बहुतेक उत्पादक ५ वर्षांनी बदला असं सांगतात.

आणि हनुवटी झाकणारंच घ्या. जर्मनीत दिएतमार ओटे यांनी अपघातातली हेल्मेटं तपासली, तेव्हा साधारण एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर झालेले आढळले. अर्ध्या हेल्मेटमध्ये तिथे नुसती हवा असते.

*

पट्टा लावा. धडकेनंतर हेल्मेट एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, असं मी पाहिलंय. एवढंच लिहायचं होतं.

*

बाईक शिकवणं हा माझा व्यवसाय आहे आणि धाग्याच्या दिशेबद्दल थोडी तक्रार आहे. सगळे जण पडल्यानंतरचं बोलताय. हर्ट यांचाच अहवाल घ्या : संकटात बहुतेकांनी मागचा ब्रेक दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलाला कुणीतरी सांगितलेलं असतं, "पुढचा दाबलास तर उलटशील." ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो आणि खरं थांबवण्याचं काम तेच चाक करतं. आधी हलका दाब, भार पुढे आला की वाढवत न्यायचा. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलं तरी ही सवय मोकळ्या जागेत, कोरड्या जमिनीवर करून घ्यायची. ताशी ६० किलोमीटरला बाईक सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. धोका दिसून बोटं लिव्हरवर पोचेपर्यंत एक सेकंद सहज गेलेला असतो. ते १७ मीटर कुठलंही जॅकेट परत देत नाही.

आता साहित्याबद्दल, कारण धागा त्याचा आहे. शिकाऊ माणूस सर्वांत जास्त पडतो तो जवळजवळ उभ्या गाडीवरून. यू-टर्न घेताना, चढावर क्लच सुटताना, स्टँड काढताना. दीडशे किलोची बाईक घोट्यावर येते, किंवा पोटरी तापलेल्या सायलेन्सरला लागते. घोट्याच्या वर जाणारा, तळ सहज न पिळवटणारा बूट यासाठी हवा. आणि लेस बुटात खोचून टाका. ती गिअरच्या लिव्हरला किंवा फूटरेस्टला अडकली की गाडी थांबते, पाय खाली येत नाही, आणि सिग्नलला सगळ्यांसमोर दोघंही आडवे. हसू येतं, पण त्याच प्रकारात एका विद्यार्थिनीचा घोटा मोडलेला आहे.

*

(धागाकर्ता) सर, तक्रार मान्य. पण ब्रेक मारायला शिकेपर्यंतचे दिवसही अंगावर काहीतरी घालूनच काढायचे असतात ना! घोट्याचा मुद्दा माझ्या यादीतच नव्हता.

*

जॅकेटबद्दल बायकांच्या बाजूने.

जॅकेटाच्या कोपरात, खांद्यात, पाठीत जे पॅड असतात, ते जागेवर राहिले तरच कामाचे. पुरुषी मापाचं जॅकेट मला खांद्यात बसतं तर बाह्यांत ढगळ होतं, मग कोपराचा पॅड बाजूला फिरतो आणि उघडं कोपर रस्त्याला. म्हणून दुकानात उभ्याने घालून आरशात बघू नका. बाईकवर बसा, हँडल धरा आणि मैत्रिणीला बाही ओढून, पिळून बघायला सांगा. पॅड सरकला तर बाहीवर आवळायचे पट्टे आहेत का बघा, नसतील तर पुढचं जॅकेट.

पॅडवर युरोपीय मानकाचा शिक्का असतो, हातापायांसाठी ईएन १६२१-१. त्यात लेव्हल १ आणि लेव्हल २. चाचणीतल्या एकाच ठोक्याला लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पलीकडे जाऊ शकतं, लेव्हल २ मधून २० पर्यंत. फरक मोठा आहे. पाठीच्या खिशात पुष्कळदा नुसता फोमचा तुकडा भरलेला असतो. तो काढून खरा बॅक प्रोटेक्टर घाला. कापडाची श्रेणी वेगळी, ईएन १७०९२ ची : एएए सर्वांत टिकाऊ, मग एए, मग ए. लेबल वाचायला शिकलात तर विक्रेत्याचं भाषण ऐकावं लागत नाही.

*

वरचं सगळं बरोबर, पण उकाड्याचं काय? एएए जॅकेट घेऊन मी ते उन्हाळाभर कपाटात ठेवलं असतं. त्याऐवजी जाळीचं घेतलं, आत लेव्हल २ चे पॅड. घसरताना जाळी जाड कापडाइतकी टिकत नाही हे ठाऊक आहे. पण ते रोज अंगावर असतं. साधी जीन्स मात्र संरक्षण समजू नका, ती रस्त्यावर घासली की क्षणात फाटते.

महागडं म्हणजे मजबूत, हेही नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात अपघातग्रस्त चालकांच्या कपड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खास बाईकसाठी म्हणून विकलेल्या जॅकेट, पँट आणि हातमोज्यांपैकी चारातलं एक तरी अपघातात फाटलं किंवा उसवलं होतं. तरीही ते घातलेल्यांना दवाखान्यात दाखल व्हायची वेळ कमी आली. आता शिवण बघून घेतो, दुहेरी-तिहेरी आहे का ते.

*

दिसण्याचा मुद्दा राहिला. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा २००४ सालचा अभ्यास आहे : चमकणारे किंवा परावर्तक कपडे घातलेल्यांना इजेच्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी, काळ्याच्या तुलनेत पांढऱ्या हेल्मेटला २४ टक्क्यांनी कमी. मी लगेच पांढरं घेतलं.

*

^ घ्या, जरूर घ्या, पण त्यावर विसंबू नका. समोरून येऊन आपल्या वाटेत वळणारा चालक पुष्कळदा आपल्याकडे बघतो आणि तरी आपण त्याला दिसत नाही, कारण तो कार शोधत असतो. त्याच्या डोळ्यांपेक्षा त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा. वळायचं असेल तर ते आधी हलतं. आणि काळी काच रात्री लावू नका, तुम्हीच आंधळे व्हाल.

*

मी नेहमी मागे बसते. मागच्याला घरातलं जुनं, सैल हेल्मेट मिळतं, हातमोजे कुणी विचारतही नाही. रस्ता दोघांना सारखाच लागतो. "माझ्या मापाचं आणलंस तर बसेन" असं सांगितल्यापासून परिस्थिती सुधारली आहे.

*

(धागाकर्ता) एक प्रश्न. पडलेल्याचं हेल्मेट काढायचं की नाही? यावर घरी भांडण झालं.

*

रुग्णवाहिकेवर काम करते, म्हणून उत्तर देते. श्वास चालू असेल तर काढू नका. फक्त काच वर करा, बोलत राहा, मान हलू देऊ नका आणि मदत बोलवा. मानेच्या मणक्याला इजा असेल तर ओढाताणीत ती वाढते. श्वास थांबलाय, किंवा उलटीने तोंड भरलंय आणि दुसरा मार्ग नाही, तरच काढायचं, आणि तेही दोघांनी : एकाने खालून मान आणि जबडा धरून ठेवायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून, कडा बाहेर फाकवत हेल्मेट हळूहळू सरकवायचं. काही हेल्मेटांत गालाच्या गाद्यांना लाल फिती असतात. त्या खाली ओढल्या की गाद्या निघतात आणि हेल्मेट मान न हलवता सुटतं. तुमच्यात आहेत का ते उलटं करून बघा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवून ठेवा. ज्याचं हेल्मेट आहे तो तेव्हा सांगू शकत नाही.