घरची बिअर: माल्ट एक्स्ट्रॅक्ट लिक्विड घ्यावं की ड्राय?

मिशिगनचा_मावळा:
नमस्कार मंडळी, डेट्रॉईटजवळ राहतो, घरी बिअर करायला नुकतीच सुरुवात केलीय. ५ गॅलन पेल एलची (फिकट रंगाची बिअर) रेसिपी आहे, त्यात लिक्विड माल्ट एक्स्ट्रॅक्टचे, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या घट्ट गोड अर्काचे, ३.३ पाऊंडाचे दोन डबे सांगितलेत. पण इथल्या दुकानातले डबे कधीपासून पडून आहेत देव जाणे, ड्राय पावडर मात्र ताजी दिसते. पावडर घेतली तर किती घेऊ? आणि मित्राकडे हीच रेसिपी प्यायलो, ती पेल कसली, पार काकवीच्या रंगाची झालेली, ते कशामुळे? धान्य आणून मॅशिंग (गरम पाण्यात भिजवून स्टार्चची साखर करणं) वगैरे आत्ता नको, अपार्टमेंट आहे आणि उकळायच्या वासाला बायको आधीच वैतागलीय.

हॉप्सवाले_काका:
बिनधास्त ड्राय घे. लिक्विडमध्ये साधारण २० टक्के पाणीच असतं, त्यामुळे १ पाऊंड लिक्विड १ गॅलनमध्ये टाकलं तर ग्रॅव्हिटी (पाणी १.००० धरून मोजलेली घनता, साखर जास्त तेवढा आकडा मोठा) १.०३६ च्या आसपास येते, ड्रायची १.०४४. म्हणजे तुझ्या ६.६ पाऊंडाच्या जागी ५.४ पाऊंड पावडर पुरे, सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४७ च्या आसपास मिळेल. एकच त्रास, वाफेवर पाकीट धरलंस की पावडर ओलावा धरते आणि चमच्याला, पाकिटाला, हाताला सगळीकडे चिकटून बसते. आधी कोरड्या पातेल्यात मोजून ठेव आणि एकदम ओत, गुठळ्या होतील पण उकळताना विरघळतात, घाबरू नको.

आयपीए_आजोबा:
रंगाचं मी सांगतो. लिक्विड एक्स्ट्रॅक्ट जुनं झालं की डब्यातच गडद होत जातं, चवही शिळी होते. ते एक. दुसरं म्हणजे लहान भांड्यात दोन-अडीच गॅलन पाणी घेऊन सगळं एक्स्ट्रॅक्ट त्यातच तासभर उकळायचं, पाणी कमी आणि साखर जास्त म्हटल्यावर रंग चढणारच ना. उपाय सोपा आहे, एक तृतीयांश सुरुवातीला घाल म्हणजे हॉप्सला (बिअरला कडूपणा देणारी फुलं) नुसतं पाणी मिळणार नाही, बाकीचं शेवटची दहा मिनिटं उरली की घाल. आणि घालताना गॅस बंद!! नाहीतर लिक्विड सरळ तळाला जाऊन बसतं आणि करपतं, तो करपट वास मग बाटलीपर्यंत जातो. नीट ढवळून परत गॅस लाव, फेस वर येईल तेव्हा भांड्यापासून हलू नको. लोक उगाच एक्स्ट्रॅक्टला नावं ठेवतात, ताजं असेल तर फरक ओळखून दाखवा म्हणावं.

मिशिगनचा_मावळा:
लय भारी काका, आजोबा. मग वरून गार पाणी घालून ५ गॅलन करायचं ना? मित्राच्या हायड्रोमीटरवर (ग्रॅव्हिटी मोजायची नळी) तेव्हा १.०३० दिसत होतं म्हणे.

हॉप्सवाले_काका:
हो. पण जड वर्ट (उकळलेलं गोड पाणी) खाली आणि वरून घातलेलं पाणी वर राहतं, वरवरचं सॅम्पल काढलं तर असाच कमी आकडा दिसणार. एक्स्ट्रॅक्ट वजन करून घातलंय आणि पाणी ५ गॅलनच आहे तर ग्रॅव्हिटी जाईल कुठे, हिशोबावर विश्वास ठेव. यीस्ट टाकायच्या आधी जोरात ढवळ, ऑक्सिजनही मिळतो.

कोथरूडकर_७:
आमच्याकडे पुण्यात करायचं असेल तर? हॉर्लिक्स चालेल का 😄

आयपीए_आजोबा:
हॉर्लिक्समध्ये दूध असतं बाबा, काय व्हायचंय ते होईल. आणि महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी दारू बनवणं गुन्हा आहे, बिअरसुद्धा त्यात आली, तेव्हा तू आपला मायक्रोब्रुअरीत जाऊन बस. इथे अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती मोकळीक दिली, घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत, फक्त विकायची नाही.
मावळ्या, तू अर्धा पाऊंड क्रिस्टल माल्ट (भाजलेली माल्ट बार्ली, हिच्यात साखर आधीच तयार असते) जाडसर भरडून कापडी पिशवीत घालून ६५-७० डिग्री सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव, मग पिशवी काढून उकळायला सुरुवात कर. ह्याला मॅशिंग लागत नाही. ओट्स घालायच्या भानगडीत मात्र पडू नको, त्यातला स्टार्च तसाच राहतो आणि बिअर गढूळ होते.

मिशिगनचा_मावळा:
शनिवारी घालतोच घाट. क्रिस्टल ४० घेऊ की ६०?

हॉप्सवाले_काका:
४०. आकडा जितका मोठा तितका रंग गडद, आणि तू पेल म्हणतोयस ना?