स्वप्नात भान आलं तरी आई बोलली नाही, मग तिला गप्प कोणी ठेवलं?

अर्धीजाग:
पहिल्यांदाच असं काही विचारतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. गेली दोन वर्षं मला एकच स्वप्न फिरून फिरून पडतं, मी आईला फोन लावतेय आणि तो लागत नाहीये. नंबर तोंडपाठ असून चुकतो, सात दाबला की चार उमटतो, खोडून परत टाकावा तर आधीचेच आकडे बदललेले, आणि छातीत नुसती धडधड. आई जाऊन दोन वर्षं झाली, शेवटच्या दिवशी तिचा फोन आलेला आणि मी मीटिंगमध्ये होते म्हणून उचलला नव्हता. मनी वसे ते स्वप्नी दिसे, तेवढं मला कळतं.

पण गेल्या महिन्यात पहाटे तेच स्वप्न चालू असताना आकडे बदलताना बघून एकदम लख्ख कळलं की अरे हे स्वप्न आहे! जाग आली नाही, उलट सगळं स्पष्ट झालं, फोनच्या कडेचा टवका उडालेला तोसुद्धा दिसला. मग मी ठरवलं की आता फोन लागणारच, आणि लागला, पलीकडून उचललाही. पण बोलणं नाही, फक्त भांडी विसळल्याचा आवाज, आई फोन खांद्याला लावून काम करत बोलायची ना तसा. मी कितीही ठरवलं तरी ती बोलली नाही आणि मग जाग आली.

फोन मी ठरवून लावला, मग तिला गप्प कोणी ठेवलं? भांड्यांचा आवाज तर मी मागितलाच नव्हता. हेच का ते अंतर्मन? त्याच्याशी बोलता येतं का?

पहाटतारा:
याला ल्युसिड ड्रीम म्हणतात, फ्रेडरिक व्हॅन ईडन या डच डॉक्टरांनी १९१३ मध्ये हा शब्द रूढ केला. झोपलेला माणूस भानावर कसा असेल म्हणून बरीच वर्षं यावर कोणी फारसा विश्वास ठेवत नव्हतं. मग १९७५ मध्ये इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी युक्ती काढली, रेम झोपेत, म्हणजे ठळक स्वप्नं पडतात त्या झोपेत, अंग लुळं असतं पण डोळे हलतात, तर स्वप्नात भान आलं की डोळे ठरवून डावी-उजवीकडे फिरवायचे, आणि ते मशीनवर उमटलं. २०२१ मध्ये तर झोपलेल्याला आठातून सहा गेले किती असं विचारलं आणि त्याने डोळे दोनदा फिरवून उत्तर दिलं!

आता तुमचा प्रश्न. रेममध्ये मेंदूचा भावनांचा भाग जोरात असतो आणि कपाळामागचा, खरं-खोटं तपासणारा भाग मंद पडतो, म्हणून सातचा चार झाला तरी एरवी खटकत नाही. ल्युसिड होताना तो तपासणारा भाग थोडा जागा होतो पण स्वप्न रचणं मागे चालूच राहतं. भान येणं वेगळं आणि ताबा मिळणं वेगळं. अंतर्मन म्हणजे आत बसलेलं दुसरं कोणी असं मी मानत नाही, तो आवाज तुम्हीच इतकी वर्षं ऐकून साठवलाय, फक्त जागेपणी मुद्दाम आठवायला गेला असतात तर असा हुबेहूब आला नसता.

वळणवाट:
माझा अनुभव सांगतो. जिन्यावरून कोणीतरी माझ्या मागे यायचं, वर्षानुवर्षं. एकदा भान आल्यावर पळायचं थांबलो, वळलो आणि विचारलं काय पाहिजे. उत्तर काहीच नाही, पण ते माझ्या शेजारी पायरीवर बसलं. मग ते स्वप्न जवळजवळ बंदच झालं. म्हणून म्हणतो ताई, तिला बोलायला लावू नका, तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा.

परत भान यायला हवं तर पहाटे जाग आली की तेच स्वप्न डोळ्यापुढे आणून मनात म्हणायचं, पुढच्या वेळी मला कळेल की हे स्वप्न आहे. स्टॅनफर्डचे स्टीफन लाबर्ज यांची पद्धत आहे ही. रेम झोप पहाटेकडे वाढत जाते म्हणून तेव्हाच जास्त जमतं. आणि दिवसाही घड्याळातले आकडे दोनदा बघायची सवय लावा, स्वप्नात ते सहसा टिकत नाहीत.

शांतपाऊस:
फक्त एक, रोज गजर लावून झोप मोडू नका, झोप अर्धवट होते आणि काहींना स्लीप पॅरालिसिस होतो, जाग आलेली असते पण हात-पाय हलत नाहीत, फार घाबरायला होतं. आणि तो न उचललेला फोन दिवसाही छळत असेल तर समुपदेशकाशी जरूर बोल गं, सगळं एकट्या स्वप्नावर टाकू नकोस.

अर्धीजाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा जमलं नाही, भान आलं की आनंदानेच जाग यायची. काल पहाटे मात्र फोन लागला, परत तोच भांड्यांचा आवाज. या वेळी काही मागितलं नाही, फक्त म्हटलं आई मी मीटिंगमध्ये होते गं, मला वाटलं संध्याकाळी करीन. तर नळ बंद झाल्याचा आवाज आला. काही महत्त्वाचं ऐकायचं असलं की ती तसाच बंद करायची. उठल्या उठल्या अंधारातच सगळं लिहून ठेवलंय. समुपदेशकांची वेळही घेतलीय, शुक्रवारी जातेय.