१९७५ सालातला तुमचा सिनेमा कोणता?

एकच साल घ्यायचं, १९७५, आणि त्यातले जास्तीत जास्त तीन सिनेमे निवडायचे. अट एवढीच, की पहिल्या नंबरचा कुठे आणि कोणाबरोबर पाहिलात ते लिहायचं. तेव्हा थिएटरात पाहिला असेल तर उत्तम, नंतर टीव्हीवर पाहिला असेल तरी चालेल.

हेच साल का? जानेवारीत 'दीवार', मे महिन्यात 'जय संतोषी माँ', १५ ऑगस्टला 'शोले', आणि मधे २५ जूनला आणीबाणी. हृषिदांचे (हृषिकेश मुखर्जींचे) 'चुपके चुपके' आणि 'मिली' त्याच साली. मराठीत एकीकडे 'सामना', दुसरीकडे 'पांडू हवालदार'. हे सगळं बारा महिन्यांत मावलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.

सुरुवात मीच करते. 'सामना', 'निशांत', 'मिली'. पहिल्या दोन्हींच्या मागे विजय तेंडुलकरांची लेखणी आहे, आणि गावातली सत्ता माणसाला कशी गिळते ते दोन्हींत दिसतं. पण पहिला नंबर 'सामना'चाच. आमचं गाव सांगलीकडचं, साखर कारखान्याच्या पट्ट्यातलं. शेजारच्यांच्या टीव्हीसमोर वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीने बसली होती. निळू फुल्यांचा साखरसम्राट हिंदुराव आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागला नाही. डॉ. लागूंचा मास्तर दारूने खंगलेला, गावाला परका, पण एकच प्रश्न लावून धरतो: मारुती कांबळेचं काय झालं? माझे वडील कारखान्यात वजनकाट्यावर होते. ते पायावर पाय टाकून बसले होते. तो प्रश्न पुन्हा आला तेव्हा त्यांनी पाय खाली घेतला आणि पुढे सरकून बसले. घरी येताना कोणी काही बोललं नाही. पुढे घरखर्चाचा हिशेब लागेना की आई तोच प्रश्न विचारायची. वडील त्यावर कधी हसले नाहीत.

*

माझा एकच, 'जय संतोषी माँ'. मी आठ वर्षांची होते, सोलापुरात. आजीने सकाळी न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसलं आणि पदराच्या गाठीत गूळ-फुटाणे बांधून घेतले. थिएटरात लोक चपला काढून बसले होते. मला तिने कंगोऱ्यांचं दहा पैशाचं नाणं दिलं होतं, आरतीला टाकायला. उषा मंगेशकरांचा आवाज सुरू झाला आणि चहूकडून नाणी पडद्याकडे जाऊ लागली. माझं नाणं घामाने तळहाताला चिकटलं होतं. फेकलं ते पुढच्या बाईच्या पाठीवर पडलं. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. चाचपून उचललं, कपाळाला लावलं आणि पुढे फेकलं. त्या शुक्रवारपासून घरात ताक, चिंच, आमसूल सगळं बंद. या सिनेमाला नाकं मुरडणारे खूप भेटले. माझ्या आजीने आयुष्यात थिएटरात पाहिलेला हा एकमेव सिनेमा. तिच्यासाठी तो सिनेमा नव्हताच.

*

'शोले' मी आधी ऐकला, मग पाहिला. गणपतीच्या मांडवात संवादांची तबकडी दिवसभर लागायची. सांबा कुठे बोलतो, गब्बर कुठे थांबतो, सगळं तोंडपाठ. त्यामुळे थिएटरात मी ऐकत नव्हतो, फक्त बघत होतो. ठाकूरच्या घरच्यांना गब्बर मारतो तो प्रसंग आठवा. माणसं पडलेली आणि झोका एकटाच करकरत राहिलेला. मग पोरावर रोखलेली बंदूक, आवाज, आणि एकदम रेल्वे स्टेशन. मरण दाखवलंच नाही, तरी पोटात खड्डा पडतो. हे काम संकलकाचं. एम. एस. शिंदे. एवढ्या मोठ्या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं ते एकच, त्यांच्या संकलनाला. आपल्या मराठी माणसांनी हे नाव पाठ करायला हवं.

*

'दीवार'. वडील मुंबईच्या गोदीत होते, पितळी बिल्ला दंडाला बांधून जायचे. विजयच्या ७८६ नंबरच्या बिल्ल्यामुळे त्यांच्या बिल्ल्यालाही घरात मान आला. आई तो चिंचेने घासून ठेवायची.

*

पांडू हवालदार! आमचं बालपण पोलीस लाइनीत गेलं. दादा कोंडके खरे, पण मला त्यातले तरुण अशोक सराफ जास्त आठवतात. बाकी दोन नंतर लिहितो.

*

मी 'आँधी' धरते, पण पाहिला १९७७ मध्ये. १९७५ साली तो लागला आणि आणीबाणीत बंद झाला. सरकार बदललं तेव्हा पुन्हा लागला. संजीवकुमार आणि सुचित्रा सेन वर्षांनी भेटतात, चांगलं पिकलेलं वय, जपून बोलणं. बाजूला माझा नवरा, लग्नाला चार महिने झालेले. आम्ही अजून एकमेकांशी धड भांडलोही नव्हतो. आज तो सिनेमा मला जास्त कळतो. वरच्या 'शोले'वाल्यांसाठी एक: ठाकूर गब्बरला जिवे मारतो असा शेवट चित्रित झाला होता. सेन्सॉरने तो बदलायला लावला, म्हणून पोलीस येतात.

*

'मिली'. मी १९९६ पासून न्यू जर्सीत आहे. हा सिनेमा इथे व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. संगीत सचिनदांचं, म्हणजे सचिनदेव बर्मन यांचं, आणि ते त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला गेले, हे ठाऊक असल्यामुळे गाणी आणखी आत जातात. शेवटी मिलीला घेऊन विमान जातं आणि खाली अशोककुमार आकाशाकडे बघत उभे. बाप, दुसरं काही नाही. मी कॅसेट थांबवून घरी फोन लावला. तेव्हा मिनिटाचे पैसे मोजून बोलायचो. वडिलांना विचारलं, सहार विमानतळावर मला सोडल्यावर तुम्ही लगेच निघालात का? ते म्हणाले, "नाही रे. एक विमान गेलं, ते तुझं समजून हात केला. मग दुसरं गेलं. तुझं नक्की कोणतं ते कळेना, म्हणून थांबलो."