मदत हवी आहे: मोरपिसाच्या काडीचे धड गुंडाळताना काडी चौथ्या-पाचव्या वेढ्याला तुटते

नमस्कार. मी कोल्हापूरचा असून गेली तीन वर्षे फ्लाय फिशिंगच्या कृत्रिम माश्या (मासे पकडण्यासाठी गळावर पिसे-दोरे बांधून केलेले किड्यासारखे आमिष) घरीच बांधतो आहे. मासे मिळतात त्यापेक्षा माश्याच जास्त मारतो, असे घरच्यांचे मत आहे आणि त्यात तथ्य आहे. दोऱ्याच्या, लोकरीच्या आणि अखंड मोरतंतूच्या धडाच्या माश्या आता बऱ्यापैकी जमतात. अडले आहे ते सोललेल्या काडीच्या धडाशी.

सध्या मी क्विल गॉर्डन बांधण्याचा प्रयत्न करतो आहे. ही माशी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत राहिलेल्या थिओडोर गॉर्डन (मृत्यू १९१५) यांच्या नावाने ओळखली जाते. मोरपिसाच्या डोळ्यातला एकेक तंतू काढून त्यावरची हिरवी-सोनेरी लव खरवडली की खाली चपटी, अरुंद काडी उरते. तिची एक कड गडद आणि दुसरी फिकट असल्यामुळे ती गळाच्या दांड्यावर वेढ्याला वेढा लावून गुंडाळली की मेफ्लाय या पाण्याकाठच्या किड्याच्या पोटावर असतात तसे पट्टे आपोआप उमटतात. डोळ्याखालच्या लांब तंतूंत हा दुरंगीपणा इतका स्पष्ट नसतो, म्हणून मी फक्त डोळ्यातलेच तंतू घेतो.

अडचण अशी की ही काडी गुंडाळताना मध्येच कडकन तुटते. गळ १४ नंबरचा आहे. वाकाकडून मोजले तर चौथ्या किंवा पाचव्या वेढ्याला, आणि बहुतेक वेळा दांड्यावर साधारण त्याच जागी. गेल्या दोन आठवड्यांत मी वीसेक काड्या वाया घालवल्या.

पिसांविषयीही सांगतो, कारण मला पहिला संशय त्यांचाच आला. पहिले पीस पाल येऊ नये म्हणून आमच्या दिवाणखान्यात सात-आठ वर्षे खोचलेले होते. पाल आली ती आलीच, आणि पीस मात्र हातात घेताच भुरभुरू लागले. म्हणून जत्रेतून नवी पिसे आणली. (१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत असला तरी त्याच्या शेपटीच्या पिसांच्या देशांतर्गत व्यवहाराला सूट आहे, परदेशी पाठवण्यास मात्र नाही. म्हणून त्यावर येथे चर्चा नको, ही विनंती.) नव्या पिसांच्या काड्याही तुटल्या.

लव काढण्याच्या तीन पद्धती करून पाहिल्या. नखाने खरवडल्यास काडी स्वच्छ होते, पण पाचांतल्या दोन तिथेच तुटतात. वितळलेल्या मेणात बुडवून, मेण थिजल्यावर चिमटीत धरून ओढल्यास लव मेणासकट निघते आणि काडी शाबूत राहते. कपडे धुण्याच्या ब्लीचमध्ये टाकल्यास अख्खा डोळा एका वेळी साफ होतो. ब्लीचमधून काढल्यावर मी पिसे पाण्यात थोडे व्हिनेगर घालून धुतो, म्हणजे ब्लीचचा अंश राहू नये. गुंडाळण्यापूर्वी प्रत्येक काडी अर्धा तास साध्या पाण्यात भिजवतो.

धड बांधण्याचा क्रम असा: आधी शेपटीचे केस बांधतो आणि त्यांची उरलेली टोके दांड्याच्या मध्यावर कापतो. मग काडीचे निमुळते टोक वाकाजवळ अडकवतो, शिलाईचा दोरा पुढे नेतो आणि काडी हॅकलच्या (पिसे धरायच्या) चिमट्यात धरून गळाच्या डोळ्याकडे, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाकडे, गुंडाळत जातो. शेवटी नखांना लावायच्या पारदर्शक रंगाचा एक हात देतो. पावसाळा सुरू झाल्यापासून हा थर वाळताना दुधाळ होतो आणि पट्टे झाकले जातात. ही दुसरी तक्रार, पण पहिलीपेक्षा दुय्यम.

माझा अंदाज असा आहे की ब्लीचमुळे काडी ठिसूळ होते. तेव्हा ब्लीच किती पातळ करावे आणि पिसे त्यात किती वेळ ठेवावीत, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपला प्रश्न तपशीलवार असल्यामुळे उत्तर बहुतांशी त्यातच सापडते. मेणाने साफ केलेल्या काड्याही तुटत असतील (आपण तसे लिहिलेले नाही, पण वीस काड्या केवळ ब्लीचच्या नसाव्यात), तर दोष ब्लीचवर ढकलता येणार नाही. आपण स्वतःच लिहिले आहे की काडी दांड्यावर साधारण त्याच जागी तुटते. ठिसूळ काडी कुठेही तुटेल, तिला जागेशी काय देणेघेणे?

ती जागा म्हणजे जिथे आपण शेपटीच्या केसांची टोके कापता ती. तिथे खालच्या थराला पायरी तयार होते. सोललेली काडी चपटी आणि ताणलेली असते, त्यामुळे पायरीवर चढताना तिच्या एका कडेवर सगळा ताण येतो आणि ती आडवी फाटते. केसांची टोके मध्यावर न कापता पंख बांधायच्या जागेपर्यंत पुढे न्या, म्हणजे वाकापासून पुढपर्यंत उतार एकसारखा राहील. शिलाईचा दोरा जाड आणि पिळाचा असल्यामुळे त्याचेही उंचवटे काडीखाली उठतात. शक्य तितका बारीक दोरा वापरा आणि बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन) उलट फिरवून पीळ काढून टाका, म्हणजे तो चपटा बसतो. गुंडाळण्यापूर्वी खालच्या थरावर नख फिरवा. नख अडखळले तर काडीही अडखळणार.

ब्लीच अगदीच निर्दोष नाही. पीस केराटिनचे असते आणि ब्लीचमधले हायपोक्लोराइट केराटिनच विरघळवते. म्हणजे लव आधी जाते आणि थांबलात तर पाठोपाठ काडीही. त्यामुळे घड्याळ न पाहता पीस पाहावे: लव सुटू लागली की लगेच बाहेर आणि भरपूर वाहत्या पाण्याखाली. व्हिनेगर मात्र आजपासून बंद करावे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो छातीला भोवतो. उरलेले क्लोरीन मारायचे असेल तर माशांच्या टाकीत घालतात ते अँटी-क्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, धुण्याच्या पाण्यात थोडे घालावे.

दुधाळपणाचे कारण हवेतला दमटपणा आहे. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि त्यावर ओल जमते. माशी वाळेपर्यंत दिव्याच्या उबेजवळ ठेवा, किंवा अतिनील टॉर्चने घट्ट होणारे पातळ रेझिन वापरा; ते द्रावक उडून वाळत नाही, त्यामुळे पावसाळ्याचा त्याला त्रास नाही.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत. एक भर घालतो. काडीचे धड माशांच्या दातांच्या माऱ्यात टिकत नाही, म्हणून त्यावर उलट्या दिशेने बारीक तार घ्यावी. उद्यमनगरात मोटार वाइंडिंगच्या दुकानात ४० गेजची इनॅमलची तांब्याची तार मिळू शकेल. ती साधारण ०.१२ मिलिमीटर जाडीची असते आणि एका छोट्या रिळात आपले सगळे माशीपण निघून जाईल.

शिवाय मोरपिसावरच अडून बसण्याची गरज नाही. कोंबडीच्या दुकानात विचारून ठेवल्यास गावरान तांबड्या कोंबड्याच्या मानेची पिसे मिळतात. त्यांचे केस ओरबाडून काढले की उरलेल्या देठाचे धड मोराच्या काडीपेक्षा पुष्कळ चिवट होते. रेड क्विल या माशीचे धड तसेच असते. मात्र देठ चांगला तासभर भिजवावा, आणि तोही निमुळत्या टोकाकडूनच बांधावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. व्हिनेगरबद्दलचा इशारा वाचून आधी खिडकी उघडली.

केसांची टोके पुढपर्यंत नेऊन, दोऱ्याचा पीळ काढून आणि नखाने तपासून काल रात्री सहा माश्या बांधल्या. काड्या मुद्दाम मिसळल्या: तीन मेणाच्या, तीन ब्लीचच्या. पाच धडे अखंड उतरली. सहावी ब्लीचची होती आणि ती पहिल्याच वेढ्याला गेली, त्या जागी नव्हे. म्हणजे माझा अंदाज अगदीच खोटा नव्हता, पण वीस काड्यांचा गुन्हा मी चुकीच्या आरोपीवर लादत होतो.

तार आणायला उद्या उद्यमनगरात जातो आहे. रंगाचा थर पावसाळा संपेपर्यंत लावणार नाही. कोंबड्याची पिसे मात्र मागितली आहेत. दुकानदाराने ‘किती किलो पाहिजेत?’ असे विचारले.