'रस्ता बंद'च्या पाटीने परदेशात फिरवलेले अनुभव (फ्रान्सवाले आधी या!)

वरणभात
आज सकाळी आमच्या चौकात परत 'काम चालू, रस्ता बंद' लागलं आणि मला एकदम २०२३ चं तुलूझ आठवलं. नणंदेचे यजमान तिथे विमानांच्या कंपनीत, म्हणून गेलेलो. मेट्रोच्या लाईन सी चं खणकाम जोरात, चांगली २७ किलोमीटरची लाईन, २०२८ ला सुरू होणारे म्हणे. भाड्याची गाडी, गियर उजव्या हाताला, त्यामुळे गियर टाकायला गेलं की नवऱ्याचा डावा हात दारावर आपटायचा. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात 'देव्हियासियाँ', म्हणजे डायव्हर्जन, हे नंतर कळलं. नवरा म्हणे कुठल्यातरी देवीचं देऊळ असेल. 😀 त्या पाट्या धरून तीन चौक गेलो, चौथ्या सर्कलला पाटीच गायब! एकीकडे बाण 'तूत दिरेक्सियाँ', म्हणजे सगळ्या दिशांना. जरा पुढे गेलो तर दुसरा बाण, 'ओत्र दिरेक्सियाँ', बाकीच्या दिशांना. अरे सगळ्या डावीकडे गेल्यावर बाकीच्या उरल्या कुठून? मताबियो स्टेशन तीनदा पाहिलं. तिसऱ्या फेरीला तिथला नारिंगी जाकीटवाला हात करायला लागला, मग मीही केला, ओळखच झाली ना आता. शेवटी नणंदेचा फोन, "वहिनी, कालव्याच्या काठाकाठाने या."
तुमचे पण लिहा.

सांडगी_मिरची
देवीचं देऊळ 🤣🤣 चहा सांडला

बोर्दोकर
बोर्दोत आमच्या जीपीएसमध्ये जुना नकाशा. ती बाई थेट पाँ द पिएरवर घेऊन गेली. तो पूल २०१७ पासून गाड्यांना बंद आहे हे तिला कोण सांगणार, समोरून ट्राम आणि सायकली आरामात चाललेल्या आणि आम्ही तोंडाशी उभे. मग वळसा घालून शाबाँ-देल्मास पुलाकडे, तर त्याचा मधला भाग लिफ्टसारखा वर उचललेला, क्रूझ जायची होती. तास-सव्वा तास गाडी बंद करून बसलो. हिने दशम्यांचा डबा उघडला. मागच्या गाडीतले आजोबा सिगरेट ओढायला उतरलेले, त्यांना पण दिली एक, लसणाच्या चटणीसकट. पहिल्या घासाला बोलले काही नाहीत, नुसती पाण्याची बाटली मागितली. मग अजून एक दशमी मागितली.

अंजू_नाशिक
दशम्या दुधातल्या का? प्रवासात किती दिवस टिकतात?

बोर्दोकर
दुधातल्याच ताई. तीन दिवस सहज, तिकडे थंडी होती.

रिकामटेकडा
लिऑन, रात्री ११. फुर्व्हिएर बोगदा दुरुस्तीसाठी रात्रीचा बंद. पाटीने वळवलं ते टेकडीवर, एवढ्याशा गल्लीत. क्लच जळाल्याचा वास, खाली उतारावर दहा गाड्या, हँडब्रेक माझ्या आयुष्यात तेवढा घट्ट कधी ओढला नाही. बाकी सांगत नाही, बायको पण हा धागा वाचते.

रिकामटेकड्याची_बायको
वाचतेय. सांग ना उलटा 'नो एन्ट्री'त घातलेलं.

वरणभात
😂😂

तिखटमीठ
पॅरिस, जुलै २०२४, ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या आधीचा आठवडा. सीन नदीच्या काठाला क्यूआर कोड असल्याशिवाय गाडी सोडत नव्हते. पोलिसाने हाताने 'तिकडून' केलं आणि तिकडून म्हणजे निघालं एतवालचं सर्कल. १२ रस्ते येऊन मिळतात, लेनचे पट्टे नाहीत, आणि आत शिरणाऱ्याचा हक्क आधी, आतले थांबणार!! दादाने डोळे मिटून घातली असं तो अजून सांगतो, खोटं बोलतो, मी पाहिलंय, उघडे होते. तोंड पण.

रिकामटेकडा
सांगितलं एकदाचं बायकोने. असो, कामाचं सांगतो. मोटरवे बंद असला की एस आणि पुढे आकडा अशा पाट्या असतात, तो एकच आकडा शेवटपर्यंत धरायचा. आणि 'फँ द देव्हियासियाँ' दिसली की डायव्हर्जन संपलं, हात जोडायचे.

अंजू_नाशिक
माझा भाचा सप्टेंबरमध्ये ग्रेनोबलला चाललाय शिकायला. कुकर न्यावा का तिकडे मिळतो? (गाडी चालवणार नाहीये तो)

बोर्दोकर
मिळतो तिथे, पण आपल्यासारखी शिट्टी नाही देत. छोटा तीन लिटरचा न्या ताई, रबर दोन जास्तीचे द्या बरोबर.