मदत हवी आहे: वर्गातले दोन गट एकत्र कसे आणू?

माझ्या सातवीच्या वर्गात दोन तट पडलेत. एकीची वही पडली तरी दुसऱ्या गटातलं कुणी उचलून देत नाही. मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये प्रयोग म्हणून घेतलेल्या शिबिरात एकमेकांशी वैर धरलेल्या दोन गटांतल्या मुलांना नुसतं एकत्र जेवायला बसवून काहीच साधलं नव्हतं (उलट अन्नाची फेकाफेक झाली!). बंद पडलेलं पाणी मिळून सुरू करावं लागलं, तेव्हा कुठे वैर निवळायला लागलं. म्हणून मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांची जिगसॉ पद्धत करून बघायचीय: धड्याचा एकेक भाग एकेकाकडे, बाकीच्यांनी तो त्याच्याकडूनच शिकायचा. पण अबोल मुलांची फार काळजी वाटते. ती अडखळली की बाकीचे त्यांच्यावरच चिडतील का? वर्गात कुणी हे केलंय का? अशा मुलांची आधी तयारी कशी करून घेतलीत?