रविवारी एकदम, आठवडाभर: नायजेरियन स्वयंपाक करून ठेवणाऱ्यांचे अनुभव

नोकरी सांभाळून स्टू, सूप, जोलोफ (टोमॅटो-मिरचीच्या लाल वाटणातला भात) करणाऱ्यांनी लिहा. काय टिकतं, काय बिघडतं, प्रमाणासकट.

इलुपेजूकर, लेगॉस: लाल वाटण जमलं की अर्धा आठवडा झाला. ६ टाटाशे (नसतील तर लाल ढोबळी), ४ टोमॅटो, २ कांदे, २ आटा रोडो, म्हणजे ती जहाल स्कॉच बॉनेट मिरची. बारीक वाटून तेलाशिवाय ३०-४० मिनिटं आटवा. मग पाऊण कप तेलात कांदा परतून त्यात हे वाटण टाका. खदखद थांबून चरचर सुरू होते, रंग काळपट लाल होतो, कडेने तेल सुटतं. तिथवर थांबायचंच. घाई केली की स्टू आंबट होतो, आणि साखरेने तो आंबटपणा जात नाही. निम्मं वाटण मटणाशिवाय गोठवा, जोलोफलाही तेच लागतं.

पेकहॅमकर, लंडन: +१. मटणाचा स्टॉकही वेगळा गोठवा. कांदा, थाइम, करी पावडर आणि स्टॉक क्यूब घालून उकडलेल्या मटणाचं पाणी ओतून देणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

जोलोफला बासमती नको, गाळ होतो. लांब दाण्याचा उकडा तांदूळ घ्या. वाटण आणि स्टॉक मिळून तांदळाच्या जेमतेम वर येईल इतकंच, मंद आच, झाकणाखाली फॉइल. झाला की परातीत पसरून लवकर गार करा आणि मगच डब्यात भरा. गरम भात झाकून ठेवला की आतून चिकट होतो, आंबतोही.

सूपवाली: एगुसी (कलिंगडाच्या जातीतल्या फळाच्या बियांची पूड) २ कप, कांद्याच्या वाटणात घट्ट कालवा. पाम तेलातल्या मिरचीच्या रश्श्यात चमच्याने गोळे सोडा, झाकण लावा, १५ मिनिटं डाव लावू नका. लवकर ढवळलं तर गोळे फुटून नुसती पेज होते. पूड ताजीच दळा, जुनी खवट लागते. सुका मासा गरम मिठाच्या पाण्यात धुवा, नाहीतर वाळू दाताखाली येते. पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळून शेवटी घाला. गोठवलेलं एगुसी उत्तम राहतं.

भेंडीचं सूप मात्र गोठवू नका, तार जाते. भेंडी कच्चीच चिरून गोठवा, आयत्या वेळी ५ मिनिटं शिजवा.

इलुपेजूकर: आणि सूपासोबतचा एबा (गारीचा घट्ट गोळा) करून ठेवू नका. गारीवर, म्हणजे कसाव्याच्या भाजलेल्या रव्यावर, उकळतं पाणी ओतलं की दोन मिनिटांत होतो, शिळा दगड होतो. पाउंडेड याम (उकडून कुटलेला याम कंद) मात्र प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवता येतो.

मोई-मोईप्रेमी: मोई मोई म्हणजे वाटलेल्या चवळीचं वाफवलेलं पीठ. चवळी भिजवून सालं पूर्ण काढा, मग वाटा. साल राहिली की मोई मोई करडं आणि भरड होतं. पीठ धिरड्याइतकं सैल, त्याहून पातळ झालं तर मधे बसतं. वाफ ५०-६० मिनिटं. गोठवलेलं न वितळवता २५ मिनिटं वाफवा.

सूपवाली: लेगॉसात वीज बेभरवशाची, तेव्हा फ्रीझर भरगच्च ठेवा आणि सारखा उघडू नका. वीज नसेल तर स्टू सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळा, नंतर त्यात उष्टा चमचा घालू नका. डबे काचेचेच घ्या, पाम तेलाचा केशरी डाग प्लास्टिकवरून निघत नाही.